रक्तातले सांगावे

घाटकोपर-मुलुंडकडची जुनी घरे पावसाळ्यात कशी होतात, हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. भिंतीला ओल, ओलीवर बुरशी आणि गादीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे. दमेकऱ्याला हे बाधते, एवढे आपल्या आज्याही जाणून होत्या. नव्या विज्ञानाने शोधले आहे ते त्याच्या पुढचे.

श्वासनळीच्या अस्तराला असा त्रास पोचला की ते धोक्याची वर्दी देते. मग काही पांढऱ्या पेशी बारीक प्रथिने सोडू लागतात. शास्त्रात त्यांना इंटरल्यूकिन म्हणतात. मी आपले सांगावे म्हणतो. चौथ्या क्रमांकाचा सांगावा अ‍ॅलर्जीची प्रतिद्रव्ये तयार करायला लावतो, तेराव्याने नळीत चिकट कफ दाटतो. पाचवा मात्र रक्तातून थेट हाडांतल्या मज्जेपर्यंत जातो आणि इओसिनोफिल पेशींची फौज बोलावून आणतो. ही फौज मुळात जंतांशी लढणारी. जंत नसले तर ती घरच्याच श्वासनळीवर तुटून पडते!

आमच्या शेजारच्या वहिनींच्या रक्तात ह्या पेशी घन मिलिमीटरला ६२० निघाल्या. साधारण ५०० च्या आत असाव्यात. एका पावसाळ्यात तीनदा त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या.

"भावजी, पंपाची सवय लागते म्हणतात. म्हणून मी गोळ्यांवरच भागवते," त्या म्हणाल्या.

"वहिनी, हे अगदी उलटे झाले!"

पंपातले औषध चिमूटभर, तेही जिथे हवे तिथेच जाते आणि सांगाव्यांचा उगमच शांत करते. गोळी साऱ्या अंगभर हिंडते. वारंवार घेतली की हाडे ठिसूळ होतात, साखर चढते. ही भीती आपल्या घराघरांत उलटी का बसली आहे, देव जाणे.

पंप नीट घेऊनही ज्यांचा दमा हटत नाही, त्यांच्यासाठी पाचवा सांगावा वाटेतच अडवणारे इंजेक्शन निघाले आहे. त्याची कथा मोठी मजेची. २००० साली ते दमेकऱ्यांना देऊन पाहिले, तेव्हा रक्तातल्या इओसिनोफिल पेशी उतरल्या, दमा मात्र जिथल्या तिथे. पुष्कळांनी आशाच सोडली. २००९ मध्ये ह्याच पेशी वाढलेले, वरचेवर झटके येणारे रोगी तेवढे निवडले आणि त्यांचे झटके कमी झाले. औषध तेच, माणसे वेगळी! २०१५ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. किंमत मात्र पगारदाराला पेलणारी नव्हे.

म्हणूनच आपल्याकडे आधी एक गोष्ट पाहावी लागते. वाइनगार्टेन ह्यांनी १९४३ मध्ये 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' हे नाव दिलेला रोग हुबेहूब दम्यासारखा असतो: रात्री खोकला, धाप, आणि इओसिनोफिल ३००० च्या वर. मूळ असते हत्तीरोगाच्या जंतूत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा हत्तीरोग आहे, आणि तिकडची माणसे मुंबईत येतातच. हा रोग स्वस्तातल्या गोळ्यांनी तीन आठवड्यांत बहुधा आटोक्यात येतो.

वहिनींचा आकडा तिथवर जात नव्हता; जंतांची तपासणीही स्वच्छ आली. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना पंप दिला आणि समोर बसवून ओढायला लावला. निम्मे औषध जिभेवरच राहात होते. इंजेक्शनाचा विषय तूर्त दिवाळीनंतर.