आयर्न म्हणजे लोखंड, एवढंच?



शाळेत दर आठवड्याला रक्तवाढीची गोळी देतो, ते तुम्हाला माहीत आहेच. एकदा सहावीतल्या एका मुलीने ती गिळलीच नाही. कंपासपेटीत लपवून ठेवली होती. विचारलं तर म्हणाली, "सर, लोखंड पोटात जाऊन गंजणार नाही का?"

वर्ग हसला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण तिच्या शब्दार्थाच्या वहीत 'आयर्न - लोखंड' असं लिहिलेलं होतं आणि ते फळ्यावर मीच लिहून दिलं होतं. गोळीच्या पाकिटावर आयर्न हाच शब्द. पोरीने दोन अधिक दोन केले. चूक तिची कुठे झाली?

गंमत म्हणजे मराठीने हा घोटाळा आधीच सोडवलेला आहे. तवा, पहार, खिडकीचे गज लोखंडाचे. पण पालेभाजीत, रक्तात आणि गोळीत असतं ते लोह. मूलद्रव्य एकच, पण आपण दोन शब्द ठेवले. इंग्रजीत दोन्हींना एकच आयर्न. मग वहीत दोन्ही अर्थ का लिहून देत नाही आपण? एका शब्दासमोर एकच अर्थ, ही सवय पाठांतराला सोयीची आहे. समजायला ती अपुरी पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हाच शब्द वाक्यात फिरवून पाहा. 'धिस गेट इज मेड ऑफ आयर्न' म्हटलं की धातू, म्हणून त्याच्याआधी 'अॅन' येत नाही. 'वी बॉट अॅन आयर्न' म्हटलं की घरात इस्त्री आली! एवढ्याशा 'अॅन'ने अर्थ बदलला. आर्टिकल शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. अनेकवचनात 'आयर्न्स' म्हणजे इस्त्र्या, आणि जुन्या गोष्टींमध्ये कैद्याच्या हातापायात असतील तर बेड्या.

मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती क्रियापदात. आपण 'इस्त्री करतो', म्हणून मुलं लिहितात 'माय मदर डू आयर्न'. इथे 'करणे' वेगळं लागत नाही, आयर्न हेच क्रियापद. 'माय मदर आयर्न्स माय युनिफॉर्म.' (आई ऐवजी 'माय फादर' घेऊन बघा, वर्गात चर्चा छान रंगते.) यातूनच 'आयर्न आउट' आलं. कपड्याच्या सुरकुत्या काढाव्यात तसे दोघांमधले मतभेद, अडचणी दूर करणे. इस्त्रीचं चित्र डोळ्यासमोर असेल तर हा अर्थ पाठ करावा लागत नाही.

माणसाच्या स्वभावाला हा शब्द लागला की मराठी लोखंडापाशी थांबत नाही. सरदार पटेल लोहपुरुष किंवा पोलादी पुरुष. मार्गारेट थॅचर यांना 1976 मध्ये सोव्हिएत वृत्तपत्राने आयर्न लेडी म्हटलं, त्यांना आपण पोलादी स्त्री म्हणतो. चर्चिल यांनी 1946 च्या भाषणात वापरलेला 'आयर्न कर्टन' मराठीत पोलादी पडदा झाला. खरं तर पोलाद म्हणजे स्टील. पण कानाला तेच बरोबर वाटतं. 'लोखंडी पडदा' म्हटलं तर दुकानाचं शटर आठवेल!

उच्चाराचं थोडक्यात. स्पेलिंग बघून मुलं 'आयरॉन' वाचतात, ते थांबवा. 'आयर्न' म्हणा. ब्रिटिश उच्चारात 'र' ऐकूच येत नाही. आणि 'आयरनी' या शब्दाचा लोखंडाशी काही संबंध नाही, तो ग्रीकमधून आलेला वेगळाच शब्द आहे. हुशार मुलं हमखास विचारतात.

पुन्हा त्या गोळीकडे येतो. 10 ते 19 वयोगटासाठीच्या निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. हे लोह क्षाराच्या रूपात असतं, खिळ्याचा चुरा नव्हे. रक्तातलं हिमोग्लोबिन तयार व्हायला शरीराला ते लागतंच. पालकांनो, गोळी उपाशीपोटी नको आणि लगेच वर चहाही नको, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं झालं तर घाबरू नका. हे आधी सांगितलेलं नसलं की घरोघरी 'गोळी बाधली' अशी बोलवा होते आणि पुढच्या आठवड्यात निम्म्या गोळ्या कंपासपेटीत जातात.

त्या मुलीला मी वही घेऊन बोलावलं. 'लोखंड' खोडू दिलं नाही. त्याच्यापुढे तिने स्वतः लिहिलं: लोह, इस्त्री, इस्त्री करणे. मग म्हणाली, "सर, ओळ पुरत नाही." म्हटलं, पुढची ओळ घे.