उसन्या दोरीवर किती उड्या?

‘याचं लिगामेंट गेलं रे!’ कबड्डी किंवा फुटबॉलच्या मैदानाशेजारी हे वाक्य ऐकलंच नाही, असा कॉलेजवाला सापडणं कठीण. रेडर वळतो, पाय जागेवर रुततो, गुडघा आतल्या बाजूला मुरगळतो आणि ‘कट्’ असा आवाज येतो. मग आइस स्प्रे, क्रेप बँडेज, कुणीतरी सुचवलेली मालीश आणि शेवटी एमआरआय. रिपोर्टवर तीनच अक्षरं, एसीएल. घरचे विचारतात, ‘ऑपरेशनला खर्च किती?’ टीममधले विचारतात, ‘खेळायला कधी येतोस?’

या दोन प्रश्नांच्या मध्ये एक महत्त्वाचा प्रश्न राहूनच जातो. नवीन लिगामेंट येतं कुठून?

बहुतेकदा तुमच्याच शरीरातून. पूर्ण तुटलेलं एसीएल नुसतं टाके घालून नीट जुळत नाही. म्हणून मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचं, गुडघ्याच्या वाटीखालचं किंवा वाटीच्या वरचं टेंडन काढून त्याचं नवीन लिगामेंट करतात. यालाच ग्राफ्ट म्हणतात. दुकानातून आणलेला स्पेअर पार्ट नव्हे, तर एका जागची दोरी काढून दुसऱ्या जागी बांधणं. सरळ उसनवारीच म्हणा ना!

ही दोरी तयार कशी होते, ते वाचलं की आपली घाई किती वेडेपणाची आहे, हे कळतं. हॅमस्ट्रिंगचं टेंडन गुडघ्याखाली आतल्या बाजूला छोटीशी चीर देऊन काढतात. पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीची पांढरी पट्टीच ती. शेजारच्या टेबलावर तिला चिकटलेला स्नायू खरवडून काढायचा, टोकांना मजबूत धाग्याने टाके घालायचे, मग घड्या घालून जाडी वाढवायची. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने भोकं असलेल्या मापातून ती ओवून बघायची, कारण हाडात ड्रिलने पाडायचा बोगदा त्याच मापाचा हवा. जाडी आठ मिलिमीटरच्या खाली नको, असा प्रयत्न असतो. तरुण खेळाडूंमध्ये बारीक ग्राफ्ट तुटण्याचा धोका जास्त दिसलाय. नंतर सैल पडू नये म्हणून ग्राफ्ट ताणून ठेवतात. इन्फेक्शन टाळायला अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळून ठेवण्याची पद्धतही आता बऱ्याच ठिकाणी आहे.

टेबलावरचं हे काम काही मिनिटांचं. पण खरं लांबलचक काम पुढे शरीर करतं, आणि तिथेच आपला पेशन्स संपतो.

काढलेल्या टेंडनचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. गुडघ्यात बसवल्यावर त्यातल्या बऱ्याच पेशी मरतात. मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी येतात आणि टेंडनचं लिगामेंटसारखं काहीतरी बनायला लागतं. म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत ग्राफ्ट मजबूत होण्याऐवजी आधी कमजोर होतो! गंमत अशी, की नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते, जिने चढता येतात, बाइकही चालवता येते. आपल्याला वाटतं, झालं की बरं! गुडघा दुखत नाही म्हणजे ग्राफ्ट तयार झाला, हा हिशोबच चुकीचा आहे.

आकडे काय सांगतात? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे-अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, की खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, खेळात परतलेल्या पंचविशीच्या आतल्या खेळाडूंपैकी सुमारे २३ टक्क्यांना पुन्हा एसीएलची दुखापत झाल्याचं दिसलं, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला. जवळपास चारांत एक. पंचविशीच्या आतले म्हणजे कोण? आपणच ना.

तुम्ही म्हणाल, विनेश फोगाट कशी परतली मग? ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत तिचं एसीएलचं ऑपरेशन झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि त्याच ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकची फायनल तिने गाठली. जबरदस्तच! पण कुस्ती हेच तिचं पूर्णवेळ काम होतं आणि रिहॅब हा त्या कामाचाच भाग. आपल्याकडे फिजिओचं सेशन लेक्चर, लोकल आणि सबमिशनच्या मधे कुठेतरी कोंबलेलं असतं, आणि पैसे संपले की तेच आधी बंद होतं. तिची जिद्द जरूर घ्या, तिचं कॅलेंडर नको.

घाई का होते, हे मला कळतं. सिलेक्शन वर्षातून एकदाच असतं. सर्टिफिकेटचे पॉइंट्स असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असतं. एक सीझन गेला की वय निघून जातं. म्हणून दोष एकट्या खेळाडूचा नाही. मेडलसोबत फोटो काढायला कॉलेज पुढे असतं, मग सहा-सात महिन्यांच्या फिजिओच्या खर्चात त्याने वाटा का उचलू नये? आणि सर, ‘कधी येतोस?’ ऐवजी ‘टेस्ट पास झालास का?’ असं विचारायला काय हरकत आहे? एका पायावरच्या उड्यांची टेस्ट असते, मांडीची ताकद मोजता येते. ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के चालायला हवा, हा निकष जगभर वापरला जातो. कॅलेंडरवरची तारीख आणि या टेस्ट, दोन्ही जमल्याशिवाय मैदान नाही, इतका साधा नियम प्रत्येक टीमला करता येईल.

तुमच्यावर किंवा मित्रावर ही वेळ आलीच, तर ऑपरेशनआधी डॉक्टरांना तीन प्रश्न नक्की विचारा. माझ्यासाठी कुठलं टेंडन घेणार आणि का? ते काढल्यावर त्या जागी काय कमी होईल? परतायच्या आधी कुठल्या टेस्ट घेणार? विचारायला लाजू नका, टेंडन तुमचंच आहे.

आणि एक लक्षात ठेवा. एकदा वापरलेली ती दोरी परत वापरता येत नाही. ग्राफ्ट तुटला तर पुढची उसनवारी दुसऱ्या जागेकडून, कदाचित चांगल्या पायाकडून. एका सीझनसाठी दुसरा पाय गहाण टाकायचा का, हे सिलेक्शनची लिस्ट लागण्याआधीच ठरवा.