माळ्यावरची ठवणी खाली काढा

वाटूर आणि आसपासच्या गावांतल्या आईबापांना, आणि दहावी-बारावीच्या किंवा भरतीच्या अभ्यासाला बसलेल्या लेकरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं की गोळी घ्यायच्या आधी एकदा मानेकडे बघा.

माझ्या पुतणीचं बारावीचं वर्ष होतं. रोज दिवेलागणीला ती डोकं धरून बसायची. दुखणं मानेच्या वर, कवटीच्या बुडाशी सुरू व्हायचं आणि उजव्या डोळ्यामागे येऊन ठाण मांडायचं. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं जागरण. आजीनं दृष्ट काढली. डोळे तपासले, नंबर निघाला नाही. मग एका रात्री ती अभ्यास कसा करते ते मी बघत बसले. बाजेवर मांडी, मांडीवर वही, वहीवर मोबाइल. दीड तासात तिनं मान एकदाही वर केली नाही.

माणसाचं डोकं साधारण साडेचार ते साडेपाच किलोचं. ते खांद्यांवर सरळ असलं तर मान ते सहज पेलते. अमेरिकेतले मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी 2014 साली संगणकावर हिशेब मांडला : मान 15 अंश झुकली की मणक्यावर सुमारे 12 किलोचा ताण येतो, 60 अंश झुकली की 27 किलोचा. म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीहून जास्त. तो ताण धरून ठेवता ठेवता कवटीखालचे छोटे स्नायू आखडतात.

पण दुखतं कपाळ, ते का? मानेच्या वरच्या भागातल्या नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस मेंदूच्या बुडाशी एकाच जागी येऊन मिळतात. आपल्या वाटूर फाट्यावर परतूरची आणि मंठ्याची गाडी जालन्याच्या रस्त्याला लागते. पुढे उभ्या माणसाला ती कुठून आली ते कळत नाही. मेंदूचंही तसंच होतं. कळ मानेतून निघते, जाणवते डोळ्यामागे. म्हणून बाम कपाळाला चोळून फार फरक पडत नाही.

उपाय पैशाचा नाही. पारायणाला पोथी ठेवायची लाकडी ठवणी पुष्कळ घरांत माळ्यावर पडून असते, ती खाली काढा. पोथीला जो मान देतो तो लेकराच्या पुस्तकालाही द्या. ठवणी नसेल तर लोखंडी पेटीवर दोन उशा ठेवा आणि पुस्तक तिरपं उभं करा. पुस्तक डोळ्यांकडे यावं, डोळे पुस्तकाकडे वाकू नयेत, एवढं साधलं तरी पुष्कळ झालं. बाजेवर झोपून वाचणं बंद. एसटीत मोबाइल बघायचाच असेल तर हात वर धरा. अर्ध्या तासानं उठायचं, पाणी पिऊन यायचं. बसल्या जागी हनुवटी सरळ मागे घ्यायची, पाच अंक मोजायचे, सोडायची. असं दहा वेळा. दुखलं तर थांबायचं.

दप्तराचंही बघा. लेकराच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून ते जड नसावं, असं सरकारनं 2015 सालीच सांगून ठेवलंय. एका खांद्यावर तर लटकवूच नये.

आणखी एक, मुलींच्या आयांसाठी. मुलीनं मान खाली घालून चालावं, बसावं, ही शिकवण आपण अजून देतो. ती सोडा. तिला ताठ बसू द्या.

सगळीच डोकेदुखी मानेची नसते. अर्धशिशी असते, उपास असतो, कमी झोप असते, चष्मा लागलेला असतो. ताप येऊन मान कडक झाली, डोकं एकाएकी असह्य दुखलं, सकाळी उठताच दुखून उलटी होऊ लागली, नजर अंधूक झाली, हाताला मुंग्या आल्या किंवा पडल्यानंतर दुखू लागलं, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. दुकानातून गोळी आणून महिन्यातले दहा-पंधरा दिवस खाल्ली तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागतं, हेही ध्यानात असू द्या.

आज रात्री लेकरू अभ्यासाला बसलं की पाच मिनिटं त्याच्या बाजूला बसा. बोलू नका, रागावू नका. कान खांद्याच्या किती पुढे गेलाय, तेवढं फक्त बघा.