पान्हा हातात घ्यायला लाज कसली?



गेल्या कोजागिरीला दूध पिता पिता मी सहज सांगितलं, की माझ्या १९६६ च्या मस्टँगचा हीटर कोअर मी आणि माझ्या मुलीने घरच्या गराजमध्ये बदलला. एकजण म्हणाले, "अहो, मास्टर्स करून शेवटी मेकॅनिकच झालात की!" सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना लेकीने विचारलं, "बाबा, मेकॅनिक होणं वाईट असतं का?" त्या हसण्याची लाज वाटली, म्हणून हा लेख.

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डखालचा छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम कूलंट त्यातून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो, गाडी ऊबदार होते आणि काचेवरचं धुकं जातं. तो गळू लागला की गोडसर वास येतो, काचेवर चिकट थर बसतो आणि उजवीकडच्या सीटपुढचा गालिचा भिजतो. पण या जुन्या मस्टँगमध्ये काचेखालचा पत्रा गंजला, तर पावसाचं पाणीही तिथेच झिरपतं! म्हणून आधी निदान. बोटांना बुळबुळीत लागलं, वास गोड आला. कूलंटच.

"दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून बायपास करा," असा सल्ला मिळाला. मिठाच्या भीतीने मिशिगनच्या हिवाळ्यात ही गाडी बाहेर निघत नाही, हे खरं. पण ऑक्टोबरच्या पावसाळी सकाळी काच पुसत गाडी चालवायची, तीही लेक शेजारी असताना? छे!

दोन शनिवार लागले. इंजिन थंड असताना कूलंट काढून झाकणाच्या डब्यात भरलं, कारण ते गोड असतं आणि विषारीही. कुत्र्यामांजरांनी चाटलं तर जिवावर बेततं. जुन्या रबरी नळ्या पिळून न ओढता उभ्या चिरल्या. ग्लव्ह बॉक्स काढला, इंजिनाच्या बाजूचे नट सोडवले, आणि हीटरची पेटी अखेर बाहेर आली. परत बसवताना मी दोन केबली उलट लावल्या. मुलीने स्वतः चिकटवलेल्या चिठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. पंधरा वर्षं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या बापाची चूक चौदा वर्षांच्या पोरीने पकडली!

"तुमच्या तासाचा रेट मेकॅनिकपेक्षा जास्त आहे," असंही कोणी म्हणेल. मग शनिवारी चार तास क्रिकेट बघताना आपण कोणाला बिल लावतो? प्रत्येकाने प्रत्येक काम स्वतः करावं, असा माझा आग्रह नाही. एसीच्या गॅसला मी हात लावत नाही. ते परवानाधारकाचं काम. वेळ नसेल तर जरूर मेकॅनिककडे जा. माझं भांडण त्या हसण्याशी आहे.

ते हसणं आपण गावाकडून सामानातून आणलं आहे. कारागिराला ओटीवर बसवून वेगळ्या कपात चहा देणारी घरं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. हाताने काम करणारा खालचा, ही आपली जुनी जातीची शिकवण. इथे आल्यावर कप बदलले, नजर तीच राहिली. खंडेनवमीला आपण लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो, पण ज्या अवजारांची ती पूजा, त्यातला एक पान्हाही घरात नसतो. आणि मुलाने शाळेत ऑटो शॉप घेतो म्हटलं, की लगेच, "त्यापेक्षा अजून एक एपी घे!"

मुलांना बुद्धी हवी ना? मग निदान करणं, क्रम लक्षात ठेवणं, चूक झाली तर पुन्हा उलगडणं, याला दुसरं काय म्हणतात?

कार्यकारिणीला माझी विनंती आहे. स्नेहसंमेलनाच्या नाचगाण्याबरोबर एक शनिवार मुलांना टायर आणि ऑइल बदलायला शिकवण्यासाठी द्या. गराज माझं, पान्हे माझे, चहा माझा. आणि शिकवायला आपण एका मेकॅनिकला बोलवू, मानाने, पाहुणा म्हणून.

लेकीला मी उत्तर दिलं आहे: "नाही बाळा, वाईट नसतं." आता ते तिला तुमच्याकडूनही ऐकू येऊ दे.