बरणीचं खापर

नुकत्याच मंडईत पोपटी, ताठ मिरच्या दिसल्या आणि मी अर्धा किलो घेतल्या. थंडीत मिरची अशी छान मिळते, लिंबंही रसाची असतात. म्हणून कैरीचं लोणचं मे महिन्यात घातलं, तरी मिरचीचं मी डिसेंबर-जानेवारीतच घालते. फार तिखट लवंगी नको आणि भज्यांची फिकी मिरचीही नको, मधली बरी.

मिरच्या धुवायच्या त्या देठासकट. देठ आधी काढला तर त्या जागेतून पाणी आत शिरतं. मिरची पोकळ, त्यामुळे वरून कितीही पुसली तरी आतलं पाणी आतच राहतं. धुवून पंचावर पसरायच्या, रात्रभर पंख्याखाली ठेवायच्या, सकाळी एकेक पुसून मगच देठ मोडायचे. चिरताना एखादीत थेंब दिसला तर ती भाजीत जाते, लोणच्यात नाही. चिरण्याआधी हाताला तेल चोळावं. मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असं आपण म्हणतो, पण तो खरा असतो बिया जिला चिकटतात त्या पांढऱ्या शिरेत. पाण्यानं तो धुतला जात नाही, तेलात मात्र विरघळतो. त्यामुळे आग होणाऱ्या बोटांनाही आधी तेल आणि मग साबण.

अर्धा किलो मिरचीला मी 100 ग्रॅम मीठ, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, दहा-बारा लिंबांचा रस, दोन चमचे हळद, तळून कुटलेली चमचाभर मेथी आणि सढळ हिंग घेते. मीठ आधी कढईत भाजून गार करायचं, कारण तेही दमट असतं. मोहरीची मात्र घाई करू नये. कोरडी असताना ती गप्प असते. कुटली आणि तिला ओल लागली की झणका सुटतो. लिंबाचा रस थोडा थोडा घालत ती फेसायची, पांढरट फेस येईपर्यंत आणि नाकाला झोंबेपर्यंत. हा झणका उष्णतेनं मरतो. म्हणून तेलाची फोडणी करून बाजूला ठेवायची आणि भांड्याला हात लावल्यावर ऊब जाणवेनाशी झाली की मगच ओतायची. कढत तेल ओतलेलं लोणचं दिसतं तेच, पण त्याला नाक राहत नाही.

हल्ली ओळखीतल्या बायका विचारतात, रक्तदाब आहे, मीठ निम्मं केलं तर? माझं उत्तर ठाम असतं: पानात लोणचं निम्मं वाढा, बरणीत मीठ निम्मं करू नका. ‘लोणचं’ या शब्दातलं ‘लोण’ म्हणजे लवणच. मीठ आणि आंबट ही त्या बरणीची राखण आहे. तेल वरून हवा अडवतं, पण राखण करायला ते एकटं पुरत नाही. ताजी मिरची नुसत्या तेलात बुडवून महिनाभर बाहेर ठेवणं तर धोक्याचं. विषबाधा करणारे काही जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतात, आणि ते अडवायला लिंबाचा आंबटपणा लागतो. वर बुरशी दिसली तर तेवढी काढून खालचं खाऊ नये. जीव हळहळला तरी सगळं टाकावं.

हे लिहिताना वाईचं आमचं माजघर आठवतं. फडताळात चिनी मातीच्या बरण्या, वर दादरे बांधलेले. बरणी उन्हात तापवून, निखाऱ्यावर हिंग टाकून तिच्यात धुरी धरायची, हे काम आजीचं. ‘बाहेरच्या’ बाईची सावलीही त्या फडताळावर पडू द्यायची नाही, हा नियमही तिचाच. एका वर्षी मिरचीच्या मोठ्या बरणीवर पांढरा थर आला. आजीनं दिवस मोजले आणि खापर फोडलं धाकट्या काकूवर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिच्यादेखत बरणी परसात उपडी केली, आणि पुढं कित्येक महिने तिला लोणच्याला हात लावू दिला नाही.

ओला चमचा मी घातला होता. आठ वर्षांची होते मी. दुपारी सगळे निजलेले असताना दादरा सोडला आणि नुकता विसळलेला चमचा तसाच बुडवला. मी बोलले नाही. लोणचं नासतं ते पाण्यानं, कमी मिठानं, अर्ध्या सुकलेल्या बरणीनं. पण घराघरांत दोष गेला तो बायकांच्या अंगाला, आणि अजून जातो. शिकल्यासवरल्या घरांतही मुलगी ‘त्या’ चार दिवसांत बरणीपासून लांब उभी राहते, आणि आई तिला काही म्हणत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

काकूला मी हे सांगितलं ते फार उशिरा, माझ्याच मुलीच्या लग्नाच्या गडबडीत. ती सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, “ठाऊक होतं गं. तुझ्या फ्रॉकवर खार सांडला होता. तो मीच धुतला ना, सासूबाई उठायच्या आत.”

आजच्या बरणीचा हा चौथा दिवस. रोज कोरड्या लाकडी चमच्यानं तळापासून हलवते. पहिला हिरवागार रंग जाऊन मिरचीला शेवाळी छटा आली आहे. लिंबाचा आंबटपणा हिरव्या रंगद्रव्यावर असाच काम करतो, ते नासणं नव्हे. मिठानं पाणी सुटलंय, मोहरी फुगून तेल प्यायली आहे, तेव्हा उद्या आणखी थोडं तेल तापवून, गार करून घालावं लागेल, मिरच्या बुडून वर बोटभर राहील इतकं. मग काचेच्या लहान बरण्या भरायच्या. मोठी बरणी रोज उघडण्यापेक्षा ते बरं. झाकण धातूचं नको, मीठ आणि आंबट त्याला खातं.

एक बरणी काकूची. तिला आता मिरची चावत नाही, भाकरीचा तुकडा खारात बुडवून खाते. तिच्या बरणीत मिरच्या दोनच घालते, बाकी खार.