विश्लेषण: आयशॅडोमधली चमक येते कुठून? ती गोळा करणारे हात कायद्याला का दिसत नाहीत?

आयशॅडो किंवा हायलायटरच्या डबीमागची घटकांची यादी वाचा. त्यात ‘मायका’ किंवा ‘सीआय ७७०१९’ असं लिहिलेलं अनेकदा सापडेल. मायका म्हणजे अभ्रक. मेकअपला मोत्यासारखी चमक देणारं हे खनिज ज्या भागांतून जगभर जातं, त्यात झारखंडमधले कोडरमा आणि गिरिडीह हे जिल्हे प्रमुख आहेत. मात्र ते गोळा करणाऱ्यांचं नाव कोणत्याही हजेरीपटावर नसतं.

‘ढिबरा’ म्हणजे काय?

कोडरमा-गिरिडीह आणि शेजारच्या बिहारमधला नवादा हा एकेकाळी अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखला जाणारा पट्टा. १९८०च्या वन संवर्धन कायद्यानंतर जंगलातल्या खाणींवर निर्बंध आले आणि एकेक खाण बंद पडत गेली. खाणी बंद झाल्या, पण अभ्रकाची मागणी कायम राहिली. आज गावकरी जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून आणि अरुंद बिळांतून अभ्रकाचे तुकडे वेचतात. त्यालाच तिथे ‘ढिबरा’ म्हणतात. या कामात अख्खं कुटुंब उतरतं, कारण मोबदला मिळतो तो किलोवर. जितके हात जास्त, तितकं वजन जास्त.

मृत्यूंची नोंद का होत नाही?

२०१६मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने केलेल्या तपासात दोन महिन्यांत किमान सात मुलांचा अभ्रक वेचताना मृत्यू झाल्याचं आणि ही प्रकरणं दडपली गेल्याचं समोर आलं. खाणच बेकायदा असेल, तर अपघाताची तक्रार करणं म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करण्यासारखं होतं. शिवाय काम बंद पडलं तर चूल कशी पेटणार? त्यामुळे कुटुंबं थोडेफार पैसे घेऊन गप्प बसतात.

कायद्यात तरतूद नाही असं नाही. २०१६च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे आणि खाणीत तर १८ वर्षांपर्यंत. पण कागदावर खाणच नसेल, तर मालक कोण आणि तपासणी कुठे करायची? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०१९मध्ये समोर आलेल्या सर्वेक्षणानुसार, झारखंडच्या अभ्रक पट्ट्यातली ६ ते १४ वयोगटातली ४,५४५ मुलं शाळेत जात नव्हती.

ब्रँडपर्यंत माल पोहोचतो कसा?

वेचणाऱ्याकडून गावातला खरेदीदार, त्याच्याकडून व्यापारी, मग निर्यातदार, पुढे रंगद्रव्य बनवणारी कंपनी आणि शेवटी ब्रँड. वाटेत सगळा माल एकत्र होतो आणि कोणता तुकडा कुठून आला हे सांगणं अवघड होऊन बसतं. अभ्रक रंग आणि इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातही वापरला जातो, त्यामुळे हा प्रश्न एकट्या मेकअपचा नाही.

कंपन्यांनी काय केलं?

२०१७मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ हा उद्योगांचा गट स्थापन झाला. भारतातल्या अभ्रक साखळीतून पाच वर्षांत बालमजुरी संपवण्याचं उद्दिष्ट त्याने ठेवलं होतं. ती मुदत उलटून गेली, प्रश्न शिल्लक आहे.

‘लश’सारख्या ब्रँडने प्रयोगशाळेत बनवलेला कृत्रिम अभ्रक स्वीकारला. त्यामुळे ग्राहकाची काळजी मिटते, ढिबरा वेचणाऱ्या घराची नाही. शेती कोरडवाहू आणि दुसरा रोजगार तुटपुंजा असताना खरेदीदार निघून गेला, तर भाव पडतो आणि तेवढ्याच पैशांसाठी जास्त वेचावं लागतं.

नियम कुठवर पोहोचले?

युरोपीय संघाने २०२४मध्ये मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीतल्या मानवी हक्कांची जबाबदारी घ्यायला लावणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी तो लांबणीवर टाकण्याची आणि सौम्य करण्याची प्रक्रिया सुरू झाली. भारतात ‘सेबी’च्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. पुरवठादारांची माहिती देणं मात्र ऐच्छिक आहे.

फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्राने अभ्रकाला गौण खनिजांच्या यादीतून काढून प्रमुख खनिजांत टाकलं. यातून रीतसर खाणकाम वाढू शकतं. पण लिलावात उतरण्याइतकं भांडवल ढिबरा वेचणाऱ्यांकडे नाही.

मग मार्ग काय?

वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत ढिबऱ्याच्या खरेदीची कल्पना झारखंडमध्ये मांडली गेली आहे. काम कायदेशीर झालं, तर किमान दर ठरवता येतो, विमा मागता येतो आणि अपघाताची तक्रार न घाबरता करता येते. मोठ्यांना पुरेसा भाव मिळाला, तर मुलांना सोबत नेण्याची गरज कमी होते.

त्यामुळे ब्रँडला विचारायचा प्रश्न ‘तुमचं उत्पादन बालमजुरीमुक्त आहे का?’ एवढाच नाही. ‘अभ्रक वेचणाऱ्याला किलोमागे तुम्ही किती पैसे पोहोचवता?’ हेही विचारायला हवं. पहिल्या प्रश्नाला एक प्रमाणपत्र पुरतं, दुसऱ्याला हिशेब दाखवावा लागतो.