चकाकते पातेले आणि फसवा आकडा

२०२० सालच्या महासाथीत अवरक्त तापमापी, म्हणजे ज्याला सर्वजण 'गन' म्हणतात ते उपकरण, दवाखान्यांच्या व दुकानांच्या दारोदारी पोहोचले. साथ ओसरली, पण सवय राहिली. पेण व रोहा परिसरातील काही लहान औषधशाळांत तैलपाकाच्या वेळी कढईवर गन रोखून दिसलेला आकडा बॅचच्या नोंदवहीत उतरविला जातो, असे आमच्या पाहण्यात आले आहे. यातील सोय आम्ही नाकारीत नाही. परंतु हा आकडा पुष्कळदा खोटा असतो, आणि तो का खोटा असतो हे समजून न घेता औषधाचा पाक त्याच्या हवाली करणे आम्हांस उचित वाटत नाही.

हे उपकरण पदार्थाला स्पर्श करीत नाही. पृष्ठभागावरून येणारे अवरक्त प्रारण मोजून ते तापमानाचा हिशेब मांडते. विल्यम हर्शल यांना १८०० साली या अदृश्य किरणांचा शोध लागला. हे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते, हे स्टेफान यांनी १८७९ साली मांडले. मात्र एकाच तापमानाचे सर्व पदार्थ सारखे प्रारण सोडीत नाहीत. आदर्श कृष्णवस्तूच्या तुलनेत एखादा पृष्ठभाग किती प्रारण सोडतो, त्या गुणोत्तरास उत्सर्जकता म्हणतात. मानवी त्वचेची उत्सर्जकता सुमारे ०.९८, पाण्याची ०.९६ आणि भाजलेल्या मातीची ०.९ च्या आसपास असते. उलट घासून लख्ख केलेल्या तांब्यापितळेची ती जेमतेम ०.०५ ते ०.१ आणि चकचकीत स्टेनलेस स्टीलची साधारण ०.१ ते ०.३ भरते. बहुतेक स्वस्त उपकरणे मात्र सर्वत्र ०.९५ हाच आकडा धरून चालतात.

डोळ्यांना दिसणारा रंग येथे उपयोगाचा नाही. पेणच्या मूर्तिशाळेतील पांढरी मूर्ती आणि काळ्या रंगाने रंगविलेली मूर्ती एकाच तापमानाला असतील, तर अवरक्त प्रारण जवळजवळ सारखेच सोडतील. फरक पडतो तो उघड्या, चकाकणाऱ्या धातूने. असा धातू आरशासारखा वागतो. स्वतःची उष्णता थोडी सांगतो आणि भिंतींची परत फेकतो.

प्रयोग सोपा आहे. आम्ही तो करून पाहिला. चिंचेने घासलेल्या पितळी पातेल्यात पाणी उकळले. बाहेरच्या लख्ख भागावर गन रोखली, तर आकडा ४० अंशांच्या आसपास घुटमळला! त्याच पातेल्यावर विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरला, तेव्हा तो शंभरीच्या जवळ गेला. पाणी तेच, आच तीच; बदलला तो केवळ पृष्ठभाग.

आता हीच चूक स्नेहपाकात काय करील, ते पाहावे. कढईत क्वाथाचे पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास टिकते. पाणी संपताच ते भराभर चढते. मृदू, मध्य आणि खर या पाकांतील अंतर त्या थोड्याच वेळात ओलांडले जाते. नस्यासाठी मृदुपाक हवा, अभ्यंगासाठी खरपाक चालतो. पण त्यापुढे गेलेले दग्ध तेल कशासही उपयोगी नाही. नेमक्या त्या क्षणी चकचकीत कढईच्या बाजूवर रोखलेली गन १२० अंशांच्या जागी ६० हूनही कमी दाखवू शकते. कामगार आच वाढवितो आणि तेल जळते. नोंदवहीत मात्र सारे सुरळीत दिसते. रुग्णाच्या पदरी काय पडले, हे त्या वहीवरून कधीच कळणार नाही.

म्हणून गन फेकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. देहतापासाठी बनविलेले उपकरण भट्टीजवळ आणू नये. त्याचा पल्लाच निराळा असतो. औद्योगिक उपकरण घ्यायचे तर उत्सर्जकता बदलता येणारे घ्यावे. कढईच्या बाहेरील एका ठिपक्यावर उष्णतारोधक काळा रंग द्यावा आणि नेम नेहमी तेथेच धरावा. तेलाच्या पृष्ठभागावर नेम धरल्यास वाफ आणि फेस आड येतात, हेही ध्यानी असावे. वालुकायंत्रात तर गन फक्त वाळूचा वरचा थर पाहते. कुपीतील स्थिती तिला ठाऊक नसते. तेथे वाळूत खोचलेले थर्मोकपलच हवे, आणि तैलपाकातही तेलात बुडणारा तापमापी अधिक विश्वासाचा. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत अशी साधने नित्य हाताळणारी मंडळी आपल्या शेजारीच आहेत. त्यांना विचारण्यात कमीपणा कसला?

आणि सर्वांत शेवटी, कल्काची वात वळते का, ती अग्नीवर टाकली असता तडतडते का, तेलावर फेस येतो का, या परीक्षा सोडू नयेत. त्या भांड्याच्या पृष्ठभागाची नव्हे, औषधाची स्थिती सांगतात. यंत्र आणि परीक्षा यांचा मेळ बसत नसेल, तर आधी यंत्राचा नेम तपासावा. संघटनेच्या पुढील बैठकीस प्रत्येकाने आपापली गन आणावी आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ती सर्वांसमक्ष पडताळून पाहावी, अशी आमची व्यवसायबंधूंना नम्र सूचना आहे.